शहापूरचा पिन कोड आणि देवळालीची कसोटी

शहापूरचा पिन कोड ४२१६०१, मुरबाडचा ४२१४०१. दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे आणि आठवीच्या पोरांना विचारायचं, यातली मूळ संख्या कुठली? मुरबाडचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. अंकांची बेरीज १२, म्हणजे तीनने भाग जातो, विषय संपला. शहापूर मात्र घाम काढतं. शेवटी १ आहे, म्हणजे दोन आणि पाच गेले. बेरीज १४, म्हणजे तीनही गेला. सातने भागलं तर बाकी ५, अकराने ४, सतराने १, एकतीसनेही १. एवढ्यात फळा भरतो, निम्मा वर्ग ‘मूळच आहे, सर’ म्हणून मोकळा होतो आणि दोन-तीन चिवट पोरं वहीत पुढे भागत राहतात. त्यांना फळ मिळतं ते चाळिसाव्या मूळ संख्येपाशी: ४२१६०१ म्हणजे १७३ गुणिले २४३७.

म्हणजे मुरबाडबद्दल आकड्यांनी आपणहून सांगून टाकलं आणि शहापूरबद्दल शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. संख्या लिहिताना जे अंक आपण मांडतो, त्यांना ती संख्या मूळ आहे की नाही याचं किती कळतं? प्रश्न साधा वाटतो. तो एका शाळामास्तराने आयुष्यभर जवळ बाळगला, एका नामवंत इंग्रज गणितज्ञाने त्या जातीच्या प्रश्नांना बाजूला सारलं, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मात्र मोठमोठे लोक त्यावर झटताना दिसतात. त्याचा हा आढावा.

मूळ संख्या म्हणजे काय हे कवायतीच्या मैदानावर चांगलं कळतं. चोवीस पोरं चारच्या सहा रांगांत उभी राहतात, तिघांच्या आठ रांगांतही राहतात. एक पोरगं आजारी पडून तेवीस उरली की पी.टी.च्या सरांची पंचाईत: एक लांबलचक रांग, नाहीतर तेवीस रांगांत एकेक. पोरं मोजायची कशी, आकडे देवनागरीत लिहायचे की रोमनमध्ये, याचा त्या अडचणीशी काही संबंध नाही. तेवीस पोरं कुठल्याही लिपीत तेवीसच, आणि त्यांच्या सारख्या रांगा होत नाहीत म्हणजे होत नाहीत.

अंकांचं तसं नाही. अंक ही लिहिण्याची रीत आहे, आणि रीत बदलते. हे पाहायला आमच्या तालुक्यांतल्या माणसाला लांब जावं लागत नाही. मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागलं की वैशाखरे येतं आणि तिथून पायवाट नाणेघाटात चढते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा शिलालेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ केले, ब्राह्मणांना काय काय दिलं, याची ती यादी. आणि यादी म्हटल्यावर आकडे आलेच. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये या आकड्यांवर लिहिलं तेव्हापासून भारतीय अंकांच्या इतिहासात नाणेघाटाला मान आहे. गंमत अशी की तिथे शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. त्या लेखात २४,४०० कार्षापणांचा उल्लेख येतो. आपण तो पाच अंकांत लिहितो. कोरणाऱ्याने वीस हजार, चार हजार आणि चारशे यांच्या खुणा एकापुढे एक काढल्या.

आता त्या कोरणाऱ्याला कुणी विचारलं असतं, ‘बाबा रे, या संख्येच्या अंकांची बेरीज किती?’ तर तो तोंडाकडे बघत राहिला असता. त्याच्या लेखी तिथे २, ४, ४, ०, ० असं काही नव्हतंच. पण चोवीस हजार चारशेचे मूळ अवयव कोणते, हा प्रश्न त्यालाही समजावता आला असता: चार वेळा दोन, दोन वेळा पाच आणि एक एकसष्ट. नाण्यांचे ढीग करून दाखवता येतं. संख्येचे गुण आणि संख्येच्या लिखाणाचे गुण यांतलं हे अंतर ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

लिखाणाच्या गुणांवर जीव जडलेला आपल्याकडचा माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पुढची पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांची वही मात्र कायम बरोबर. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकाबद्दल इतक्या वेळा लिहून झालंय की इथे तो नुसता नावापुरता पुरे.

देवळालीहून मुंबईकडे येणारी गाडी कसारा घाट उतरते आणि खर्डी, आटगाव, आसनगाव, वासिंद असा आमचा तालुका ओलांडून कल्याणला पोचते. तिथून जरा पुढे डोंबिवली. जीआयपी रेल्वेच्या काळात या स्टेशनाचं एक नाव डेमलो होतं असं सांगतात, आणि तिथे असताना कापरेकरांना एका जातीच्या संख्या सुचल्या. त्यांनी त्यांचं नावच डेमलो संख्या ठेवलं. त्यातल्या सगळ्यांत देखण्या म्हणजे नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग: ११ चा १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. चढत जायचं आणि उतरत यायचं, आमच्या घाटासारखं. गावाच्या नावाने बटाटेवडा प्रसिद्ध होतो, मिसळ होते; स्टेशनाच्या नावाने संख्या प्रसिद्ध झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. नाही म्हणायला दुसरं आहे, पण तेही कापरेकरांचंच: देवळाली संख्या.

देवळाली संख्येची गोष्ट खेळासारखी सुरू होते. कुठलीही संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. २३ घेतली तर २ आणि ३ मिळून ५, म्हणून २८. पुढे ३८, मग ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१. इथे २३ ही २८ ची जनक संख्या. खरा प्रश्न उलट्या दिशेने येतो: प्रत्येक संख्येला जनक असतो का? हा खेळ मी शनिवारच्या वर्गात खेळायला देतो. एकदा मागच्या बाकावरची मुलगी बराच वेळ एका ओळीवर अडून बसली आणि शेवटी म्हणाली, “सर, ईसला बापच गावत नाय.” सगळा वर्ग हसला, पण पोरीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. १९ मधून २९ निघते, १० मधून ११. २० कशातूनच निघत नाही. अशा बिनजनकाच्या संख्येला मराठीत स्वयंभू संख्या म्हणतात, आणि पिंडीबद्दल जी श्रद्धा या शब्दात आहे तिची थोडी छटा इथेही लागतेच. कापरेकरांनी यावर १९६३ मध्ये देवळालीहून पुस्तिका काढली. शंभराच्या आत अशा तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७.

उलट बाजूला काहींना दोन-दोन बाप. १०१ ही ९१ मधूनही येते आणि १०० मधूनही. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या पाहायची तर थेट दहा लाख कोटींच्याही पुढे एक, म्हणजे १ नंतर बारा शून्यं आणि शेवटी पुन्हा १, इथवर जावं लागतं.

१९७४ मध्ये कोलंबियाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी अमेरिकेतल्या गणिताच्या मासिकात हाच प्रश्न विचारला, म्हणून या संख्यांना तिकडे कोलंबियन हेही नाव पडलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. तोवर ते सत्तरीत पोचले होते. १९८६ मध्ये ते गेले.

आता मोठी मूळ संख्या. २००४ सालच्या १५ मे रोजी अमेरिकेतल्या जॉश फिंडली यांच्या पेंटियम ४ कॉम्प्युटरने, सुमारे दोन आठवडे राबून, एका संख्येवर शिक्कामोर्तब केलं: दोनचा २,४०,३६,५८३ वा घात, वजा एक. लिहून काढली तर ७२,३५,७३३ अंक. सुरुवात २९९४ ने, शेवट ४०७ ने. पानाला तीन हजार अंक धरले तरी चोवीसशे पानांचा ग्रंथ. सेकंदाला एक अंक या वेगाने वाचायला बसलात तर न झोपता पावणेतीन महिने. दोनचा घात वजा एक या रूपाच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचं नाव आहे, आणि १९९६ मध्ये जॉर्ज वॉल्टमन यांनी सुरू केलेल्या जिम्प्स या मोहिमेत जगभरचे हौशी लोक आपापल्या कॉम्प्युटरवर त्या शोधतात. फिंडलींचा विक्रम फार टिकला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली मर्सेन संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

एवढ्या मोठ्या संख्येला १७३ पर्यंत, किंवा १७३ कोटींपर्यंत भागत बसून काही साधत नाही. मर्सेन संख्यांसाठी एक खास कसोटी आहे. एदुआर ल्युका यांनी एकोणिसाव्या शतकात ती शोधली, डी. एच. लेहमर यांनी विसाव्यात सुबक केली. ३१ वर करून पाहू; ३१ म्हणजे दोनचा पाचवा घात वजा एक. ४ पासून निघायचं. वर्ग करून दोन वजा करायचे: १४. पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा: १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा: ६२, बाकी शून्य. घातापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, तर संख्या मूळ. ल्युकांनी १८७६ मध्ये १२७ व्या घाताची ३९ अंकी संख्या हातानेच मूळ ठरवली. फिंडलींच्या संख्येला अशा २,४०,३६,५८१ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरीला सत्तर लाखांवर अंक असलेल्या संख्येचा वर्ग.

या कसोटीची एक खोड सांगायला हवी: संख्या मूळ नसेल तर ती ‘नाही’ म्हणते, पण भाग कोणाचा जातो ते सांगत नाही. ६७ व्या घाताची संख्या मूळ नाही हे ल्युकांनाच कळलं होतं. तिचे अवयव, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले.

फिंडलींची संख्या मला प्रिय आहे ती वेगळ्याच कारणाने. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं की ती देवळालीच्या कसोटीला उतरते. बहात्तर लाख अंकांची ती संख्या स्वयंभू आहे. तिच्याहून मोठ्या तीन मर्सेन मूळ संख्या तोवर सापडल्या होत्या, त्या या कसोटीत नापास झाल्या. तेव्हा ज्ञात असलेल्यांत हीच सर्वांत मोठी ठरली. लहान मर्सेन संख्यांत ३, ७ आणि ३१ स्वयंभू आहेत. मग रांगेने नकार: १२७ चा जनक १२२, ८१९१ चा ८१६८, १,३१,०७१ चा १,३१,०६०, ५,२४,२८७ चा ५,२४,२६४.

पण बहात्तर लाख अंकांच्या संख्येला जनक नाही हे ठरवायचं कसं? अगणित संख्या तपासाव्या लागतील असं आधी वाटतं. मलाही वाटलं होतं. कागद घेऊन बसल्यावर लक्षात आलं की काम वाटलं त्याहून फार कमी आहे. जनकाच्या अंकांची बेरीज फार तर ७२,३५,७३३ गुणिले ९, म्हणजे ६,५१,२१,५९७. ही आठ अंकी संख्या. तेवढी वजा केली तर मोठ्या संख्येचे शेवटचे आठ अंक बदलतील, फार तर पुढून एक उसना घ्यावा लागेल. बाकीचा सगळा ग्रंथ जागच्या जागी. म्हणजे पुढच्या अंकांची बेरीज ठरलेली, आणि शेवटच्या आठांची शून्य ते ७२ यांत कुठेतरी. शक्यता उरल्या ७३. त्यात नवाचा नियम आहे: अंकांची बेरीज आणि संख्या यांना नवाने भागल्यावर बाकी सारखीच राहते. फिंडलींच्या संख्येची बाकी १, आणि ती जनकाच्या बाकीच्या दुपटीतून यायची, म्हणून जनकाच्या अंकांच्या बेरजेची बाकी ५ च असायला हवी. ७३ मधल्या फार तर ९ टिकतात. उसना घेतला आणि न घेतला अशा दोन बाजू धरल्या तरी अठरा वजाबाक्या. सगळे अंक हाताशी असले की मूळपण ठरवायला लागलेल्या दोन आठवड्यांपुढे हे काम चुटकीसरशी व्हावं.

इथे नाणेघाट पुन्हा आठवावा. ही संख्या मूळ आहे ती कुठल्याही लिपीत. स्वयंभू म्हटली ती दहाच्या हिशेबात. दोनच्या हिशेबात, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भाषेत, ती २,४०,३६,५८३ एकांची सरळ रांग आहे, डेमलोची सख्खी बहीण. छोट्या ३१ वर फरक लगेच दिसतो. दहाच्या हिशेबात ती स्वयंभू. दोनच्या हिशेबात २८ म्हणजे १११००, त्यात तीन एक, २८ आणि ३ मिळून ३१. बाप सापडला.

मग हा सगळा नुसता लिपीचा खेळच का? जी. एच. हार्डी यांचं मत तसंच काहीसं होतं. १९४० च्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’त त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचा दाखला दिला: स्वतःला उलटं करून त्याच्या पटीत येणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच, ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात शोभेल, पण गणितज्ञाला त्यात भिडण्यासारखं काही नाही, असा त्यांचा सूर. आपल्याकडेही कापरेकरांना कोड्यांचे मास्तर म्हणून बाजूला ठेवणारे कमी नव्हते. हार्डींचं त्या दोन संख्यांपुरतं मी मान्य करतो. पण त्यावरून अंकांचे सगळे प्रश्न हलके ठरवले, तर पुढचा इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहत नाही.

उंबेर्तो झानियर यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं की स्वयंभू संख्या नुसत्या अनंत नाहीत, सगळ्या संख्यांत त्यांचा एक ठरलेला वाटा आहे; दहाच्या हिशेबात तो दहात एकाच्या किंचित खाली येतो. मूळ संख्यांच्या अंकांच्या बेरजेबद्दल रशियन गणितज्ञ गेलफाँड यांनी १९६८ मध्ये प्रश्न विचारला होता: बेरीज सम येणाऱ्या आणि विषम येणाऱ्या मूळ संख्या निम्म्या-निम्म्या असतात का? ऐकायला आठवीतला प्रश्न. उत्तर मिळालं २०१० मध्ये, क्रिस्तियाँ मोदुई आणि जोएल रिव्हा यांच्याकडून, आणि ते ‘हो’ असं आहे. जेम्स मेनार्ड यांनी दाखवलं की कुठलाही एक अंक, समजा ७, अजिबात न वापरता लिहिता येणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत; ते काम २०१९ मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळालं. २०१६ मध्ये रॉबर्ट लेम्की ऑलिव्हर आणि आपल्या चेन्नईचे कन्नन सौंदरराजन यांनी नजरेस आणलं की लागोपाठच्या मूळ संख्या शेवटचा अंक पुन्हा तोच ठेवायला नाखूश असतात. कोट्यवधी लोक रोज अंक लिहितात आणि हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं!

डेमलोच्या मुळाशी असलेल्या नुसत्या एकांच्या संख्या अजून पुरत्या हाती लागलेल्या नाहीत. ११ मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१, सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. मग एकोणीस एकांची मूळ, तेवीसांची मूळ. त्यानंतर थेट ३१७, सिद्ध झाली १९७८ च्या सुमारास. मग १०३१, १९८६ मध्ये, ज्या वर्षी कापरेकर गेले. ४९,०८१ एकांची संख्या मूळ असल्याचं पक्कं व्हायला २०२२ उजाडलं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. मर्सेन संख्यांचंही तेच.

वर्ग सुटायच्या आधी मागच्या बाकावरच्या त्या मुलीला मी दोन्ही पिन कोड पुन्हा दिले, बाप शोधून आण म्हणून. पुढच्या शनिवारी तिने वही उघडून दाखवली. मुरबाडच्या ४२१४०१ चा बाप ४२१३७७, त्याचा ४२१३५६, त्याचा ४२१३४१, आणि तिथे वाट बंद. शहापूरच्या ४२१६०१ चा बाप ४२१५७६. त्याच्या वरच्या ओळीत खाडाखोड होती, ८, १७, २६, ३५, ४४, ५३ असे सगळे वजा करून पाहिलेले, आणि शेवटी पेन्सिलीने: “याला नाय.”